पाडव्याच्या आधी सांगायचं होतं

साखरखेर्डा
३० जानेवारी १९६६

ती. दादास कडूबाचा नमस्कार.

अक्षर ओळखलं असशील. फाडायचं असेल तर फाड, पण आधी खालपर्यंत वाच.

चार वर्षांपूर्वी तू उकंडरावांकडचं साल अर्धवट टाकून, कुणाला न सांगता जळगावला निघून गेलास, तेव्हा मी तुला एक कार्ड टाकलं होतं. त्यातलं 'आम्हाला भाऊ नव्हता असं समजू' हे वाक्य सगळ्यात मऊ होतं. बाकीचं तुलाही पाठ असेल. तुझं उरलेलं साल मी पुरं केलं आणि तेव्हापासून मीच वर्षाच्या बोलीवर त्यांच्या मळ्याचा सालदार आहे. त्या कार्डानंतर तुझं पत्र आलं नाही. मीही टाकलं नाही.

आज टाकतो आहे, कारण काम पडलं. उगाच गोड बोलत नाही. बाजारात सोजराबाईचा जावई भेटला होता, जळगावहून आलेला. तो म्हणाला, तुझ्या तेलगिरणीत नवी शेड उभी राहते आहे, माणसं लागणार आहेत आणि तू माझी चौकशी केलीस. हे खरं असेल तर मी यायला तयार आहे. शालूला चौथा महिना लागला आहे. आपला बाप सालदार होता, तू झालास, मी झालो. आता जे येणार आहे त्यानंही याच गोठ्याशेजारच्या खोलीत डोळे उघडून मोट हाकायला शिकावं, असं मला वाटत नाही. तुलाही तेव्हा असंच काही वाटलं असेल. मी विचारलं नाही, नुसता बोललो.

उत्तर पाकिटातून टाक. इथं टपाल मालकांच्या ओट्यावर येतं, आणि कार्ड म्हणजे गावभर दवंडी.

तुझा
कडूबा


साखरखेर्डा
१५ फेब्रुवारी १९६६

ती. दादास नमस्कार.

पाकीट मिळालं. तू चार शिव्या घातल्या असत्यास तर बरं वाटलं असतं. तू शालूची तब्येत कशी आहे, तिला काय खावंसं वाटतं, असं विचारलंस. वहिनीनं लोणच्याचं विचारलं. मी ते पत्र गोठ्यात बसून वाचलं आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.

तुझी अट समजली. जागा मिळेल, पण मालकांना सांगून यायचं. 'एका घरातले दोघं पळाले असं लोकांनी म्हणू नये, माझं तोंड काळं झालं तेवढं पुरे', असं तू लिहिलंस. बरोबर आहे. मी तुला जे सुनावलं होतं, ते आता मला स्वतःला ऐकवायची वेळ आली आहे.

पण दादा, अडचण बघ. आपल्याकडे सालदार पाडव्याला ठरतो हे तुला सांगायला नको. पाडवा उलटला की धड माणूस मिळत नाही, सगळे कुठे ना कुठे बांधले गेलेले असतात. म्हणजे मालकांना सांगायचं तर पाडव्याच्या आधी. आणि तुझं बोलावणं केव्हा? यंत्रं आली तर चैत्रात, नाहीतर वैशाखात. नाहीच आली तर? मी आज सांगितलं तर मालक दुसरा माणूस बघतील, आणि पाडव्याला खोली सोडून गरवार बायकोला घेऊन मी उभा राहू कुठे? आणि बोलावणं आल्यावर सांगितलं, तर ऐन उन्हाळ्यात त्यांचा मळा माणसावाचून वाळेल. आधी सांगावं तर मी उघड्यावर, मागून सांगावं तर ते.

तू गेलास तेव्हा मालक धडधाकट होते. आता त्यांचे गुडघे गेले आहेत. मोटेच्या धावेच्या उतारावरून बैलांमागं उतरणं त्यांना जमत नाही. ते खाली बसल्या बसल्या वाफ्यात पाणी वळवतात आणि वर मोट मी हाकतो. दोन्ही मुली लांब दिलेल्या, जावई आपापल्या घरचे. एवढ्या मोठ्या मळ्यात एक म्हातारा, मालकीण सुभद्रामाय आणि मी. मी नसलो तर पाणी विहिरीतच राहील.

शिवरात्र होऊ दे. उपासाच्या दिवशी असलं काही बोलू नये. दुसऱ्या दिवशी सांगतो, नक्की.

तुझा
कडूबा


साखरखेर्डा
२४ फेब्रुवारी १९६६

ती. दादास नमस्कार.

सांगायला गेलो होतो. काय झालं ते लिहितो, हसू नकोस.

शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी बैल सोडले आणि विहिरीवर न्याहारीला बसलो. मालकांनी बुक्कीनं कांदा फोडला आणि अर्धा माझ्या भाकरीवर ठेवला. मी म्हणालो, "मालक, एक बोलाचं होतं."

"बोल ना बे. तोंडात काय गोटा हाये का?"

"मोटीचं चामडं फाटून राह्यलं," मी म्हणालो.

दादा, चामडं चांगलं धड होतं. पण तोंड उघडलं होतं, त्यातून काहीतरी बाहेर पडायला हवं होतं, ते हे पडलं. मालक म्हणाले, "मंग चार दिस झाले काऊन नाही सांगतलं? असा मुखदुर्बळ कसा रे तू!" आणि त्यांनी मेहकरहून नवी मोट मागवली. जुनी सुभद्रामायनं उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, "मले त हे साबूत दिसते." मी म्हणालो, "आतून गेली, माय." आता रोज नव्या मोटेनं पाणी काढतो आहे आणि मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, कडूबाची नजर बारीक आहे.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. काल संध्याकाळी पुंजाजी आला होता. शेजारच्या मळ्याचा, तुला आठवत असेल, तोच तो घाईघाईनं चालणारा. ओट्यावर बसला आणि सरळ म्हणाला, "उकंडभाऊ, तुमचे गुडघे राह्यले नाहीत. मळा मले बटईनं द्या. अर्धं तुमचं, अर्धं माहं. औंदा हळद मी लावतो, तुमी निवांत बसून पाहा."

माणूस सरळ आहे. वाटा चोख देणारा. मालकांसाठी त्याहून चांगलं काही नव्हतं. आणि माझ्यासाठीही! देवानंच पाठवल्यासारखा आला होता. मी फक्त एवढंच म्हणायचं होतं की मालक, द्या, मी औंदा नाही. दार उघडं होतं, आत पाऊल टाकायचं होतं.

मालक हसले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "कडूबा हाये ना! हा असल्यावर मी काऊन बटईनं देऊ? काय बे, खरं हाये का नाही?"

दोघं माझ्याकडे बघत होते. आणि दादा, मी हसलो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही, नुसता दात काढून हसलो. मनात म्हणालो, मी तर शब्द दिला नाही. असल्या वकिलीची मला स्वतःलाच किळस आली.

पुंजाजी उठला. म्हणाला, "ठीक हाये. मंग मी खालच्या अंगचा मळा धरतो. मांगून म्हनसाल त मले जमनार नाही, आताच सांगून ठेवतो."

"नाही म्हनत बापा," मालक म्हणाले.

आता हे तू वाचलंस की मला काय म्हणशील ते मला ठाऊक आहे. म्हण.

कडूबा


साखरखेर्डा
९ मार्च १९६६

ती. दादास नमस्कार.

तुझं पाकीट होळीच्या दिवशी मिळालं. 'तू भित्रा आहेस' एवढंच लिहिलं असतंस तरी चाललं असतं. 'मी भित्रा होतो म्हणून सांगतो' असं तू लिहिलंस, ते जास्त लागलं.

शालूला सगळं ठाऊक आहे. तिच्यापासून काही लपत नाही, आणि ती मनात ठेवत नाही. ती रोज सुभद्रामायबरोबर कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला बसते. सुभद्रामायनं आपली जुनी लुगडी काढून बाळासाठी गोधडी शिवायला घेतली आहे. एक टोक शालूच्या हातात देते आणि सांगते, "बारीक टाका घाल माय, पोराले टोचू नाही." काल शालू घरी आली आणि पदर झटकून म्हणाली, "मले त्या बाईच्या तोंडाकडं पाह्यनं होत नाही. तुमी सांगता का मी सांगू?"

मी म्हणालो, "तू नको. हे माणसानं माणसाले सांगाचं असते."

"मंग माणूस व्हा ना," ती म्हणाली आणि चूल फुंकायला बसली.

म्हणून आता असं ठरवलं आहे. पाडव्याला या घरात विडा देतात ते तुला आठवतं ना? तू तीन वेळा घेतलास. गुढी उभी झाली की सुभद्रामाय पितळी ताटलीत विडा घेऊन येते. सालदारानं हातात घेतला की पुढचं साल ठरलं. ज्याला राहायचं नाही त्यानं फक्त हात जोडायचे. कुणी का म्हणून विचारत नाही, कुणी रागावत नाही. जेवून जातो, रामराम करतो, झालं. माझ्यासारख्या मुखदुर्बळासाठीच कुण्या पूर्वजानं ही रीत काढून ठेवली असावी.

तर मी हात जोडणार. पाडव्याचा दिवस म्हणजे उशीर नाही. त्या आठवड्यात अजून इकडेतिकडे एखादा सालदार मोकळा असतो. पुंजाजीनंही अजून खालच्या मळ्याचं पक्कं केलेलं नाही असं ऐकतो. तुझ्या यंत्रांचं जे व्हायचं ते होवो. शालूनं शपथ घ्यायला लावली आणि मी घेतली.

तुझा
कडूबा


साखरखेर्डा
२३ मार्च १९६६, पाडवा

ती. दादास नमस्कार.

आज हात जोडले. मालक काही बोलले नाहीत. सुभद्रामायला थोडं वाईट वाटलं. सगळं नीट पार पडलं. आता काळजी करू नकोस, बोलावणं केव्हा ते कळव.

कडूबा


साखरखेर्डा
६ एप्रिल १९६६

ती. दादास नमस्कार.

पाडव्याच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तू लगेच उलट टपाली 'शाब्बास' लिहिलंस, ते पत्र गेले आठ दिवस माझ्या खिशात आहे. ते खिशात घेऊन मोट हाकता येत नाही.

मी विडा घेतला.

कसा घेतला ते ऐक. सकाळी न्हाऊन ओसरीत उभा राहिलो, हात आधीच जोडून ठेवले होते. म्हटलं, जोडलेलेच असू दे, वेळेवर धोका नको. सुभद्रामाय ताटली घेऊन आली. तेवढ्यात मालक म्हणाले, "थांब. औंदा मी देतो. या पोरानं माहा मळा राखला." आणि ते बाजेवरून उठायला लागले. एका हातानं भिंत धरली, दुसऱ्या हातात विडा. उठताना त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं, आणि ते तसेच भिंतीला धरून माझ्यापर्यंत चालत आले. त्यांनी विडा पुढं केला आणि माझे हात उघडले. मी उघडले म्हणू की आपोआप उघडले म्हणू? हात माझेच होते.

वर मी त्यांच्या पायाही पडलो. शालू दारात उभी होती, ती आत निघून गेली.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण लिहितो. विडा मी खाल्ला नाही. गोठ्यामागं गेलो आणि उपरण्याच्या टोकाला बांधून ठेवला. मनात म्हणालो, घेतला असला तरी खाल्ला नाही, म्हणजे साल धरलं नाही. विडा तोंडात गेला तरच शब्द. दोन दिवस मी या समजुतीवर जेवलो, झोपलो. तिसऱ्या दिवशी शालूला उपरण्यात सापडला, पार वाळून गेलेला. मी तिला ही सगळी कायद्याची बाजू समजावली. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "तुमी हातात घेतला, त्यायनं डोळ्यानं पाह्यलं. खाल्ला का नाही खाल्ला, हे देव पाह्यल नाही त बैल पाह्यतीन. मालकानं पाह्यलं तेच खरं." आणि विडा उकिरड्यावर टाकून आली.

पुंजाजीनं खालचा मळा धरला. मालकांनी बाजारातून हळदीचं बेणं आणलं, निवडून गोठ्याच्या सावलीत पसरलं आहे. आखाजीनंतर, वैशाखात लावायची म्हणतात. हळद म्हणजे नऊ महिन्यांचं पाणी, दादा. माझ्या भरवशावर.

तू आता मला बोलावू नकोस, असंही एक मन म्हणतं. यंत्रं आलीच नाहीत तर मी सुटलो. असा विचार करणारा माणूस तुझ्या गिरणीत काय उजेड पाडणार?

कडूबा


साखरखेर्डा
१९ एप्रिल १९६६

ती. दादास नमस्कार.

यंत्रं आली म्हणून लिहिलंस. पहिल्या तारखेपर्यंत जागा धरून ठेवतो, पुढं मुकादम ऐकणार नाही, असंही लिहिलंस. आणि खाली एकच ओळ, की सांग आणि ये, नाहीतर तिथंच राहा आणि इमानदारीनं राहा. दोन्हीतलं एक.

मी तिसरं शोधलं आहे. वाचून तुझा संताप होईल.

शालूचं पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, हिवऱ्याला. तिला पोचवायला मला जावं लागणारच आहे, आणि ही रीतच आहे, यात कुणाला काही वावगं वाटणार नाही. मी मालकांना म्हणालो, तिला सोडून चार दिवसांत येतो. ते म्हणाले, "जा ना बापा. सासऱ्याच्या घरी जराक आराम कर. तवर मी कोनाले तरी धरून मोट चालवतो. तू आल्यावर हळद लावू." मी हिवऱ्याहून तसाच पुढं जळगावला येईन. खोटं म्हणावं तर खोटंही नाही, तिला सोडायला जातोच आहे. बघ, पुन्हा तीच वकिली.

सांगायचा प्रयत्न मी अजूनही करतो आहे, असं लिहावंसं वाटतं, पण ते खरं नाही. मी आता प्रयत्न करत नाही. पाडव्याआधी सांगितलं असतं तर ते सांगणं झालं असतं. आता सांगणं म्हणजे त्यांच्या तोंडावर दार लोटणं आणि त्यांचं तोंड बघत उभं राहणं. ते बघायची माझी छाती नाही. तू भाद्रपदात असाच गेलास ना रे? तेव्हा मी तुला काय काय म्हणालो. मला तेव्हा वाटत होतं, न सांगता जाणारा माणूस पाषाणासारखा असतो. तसं नसतं, एवढं आता कळलं. पण कळून उपयोग काय, मालकांच्या मळ्याला त्यातनं थेंबभर पाणी मिळणार नाही.

येतो आहे. दारात आल्यावर काय म्हणायचं ते म्हण.

कडूबा


जळगाव
२ मे १९६६

ती. मालक आणि सुभद्रामाय यांना कडूबाचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही सगळे खुशाल आहोत. शालू हिवऱ्याला सुखरूप पोचली. सुभद्रामायनं ओटी भरून दिलेला नारळ तिनं तसाच देव्हाऱ्यात ठेवला आहे आणि गोधडीला कुणाला हात लावू देत नाही.

मालक, त्या दिवशी तुम्ही दुखऱ्या गुडघ्यांनी मोटारीपर्यंत आलात. मी नको नको म्हणत होतो. आमच्यासोबत दिलेली वांग्यांची गोणी टपावर चढेपर्यंत तुम्ही कंडक्टरला मोटार हलवू दिली नाही. "पोटुशी लेक हाये, हळू चालवजो बे," असं ड्रायव्हरला दोनदा सांगितलंत. वांगी हिवऱ्याच्या सगळ्या वाड्यांत वाटली. सगळ्यांनी नाव काढलं.

पांढऱ्या बैलाच्या खांद्याला सूज होती. त्यावर हळद आणि तेल लावून दोन दिवस जू ठेवू नये. मोटेचा मागचा दोर जाड नाड्यापाशी घासतो आहे, तिथं चिंधी गुंडाळून घ्यावी. हळदीचं बेणं उलटंपालटं करत राहावं, खालच्या थराला वाफ धरते. विहिरीच्या उत्तर अंगाची पायरी सैल आहे, सुभद्रामायनं तिकडून उतरू नये. मिरचीच्या वाफ्याला एक दिवसाआड पाणी पुरे.

इथून पुढं पुंजाजीभाऊंसाठी लिहितो.

पुंजाजीभाऊ, रामराम. मालकांना वाचता येत नाही. आजवर त्यांची पत्रं मीच वाचून दाखवत आलो. आता मी तिथं नाही, म्हणजे हे पत्र घेऊन ते तुमच्याकडेच आले असणार. त्या अंगाला दुसरं कोण वाचणारं आहे? ते समोर बसले असतील. सुभद्रामायही असेल. या पुढच्या ओळी मोठ्यानं वाचू नका. मनातल्या मनात वाचा. ते विचारतील थांबला काऊन म्हणून, तर अक्षर लागत नाही म्हणा. माझं अक्षर वाईट आहे हे त्यांना पटेल.

मी इथं तेलगिरणीत लागायला आलो आहे. हे माघातच ठरलं होतं. तुम्ही बटई मागायला ओट्यावर आला होतात, तेव्हाही मला ठाऊक होतं. मालकांनी मला विचारलं आणि मी हसलो, ते तुम्ही पाहिलंत. ते हसणं नव्हतं. मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर आज तुम्ही त्यांचा मळा करत असता आणि ते बाजेवर बसून तुम्हाला चुका दाखवत असते. मी तुमचंही नुकसान केलं आणि त्यांचंही, आणि पाडव्याला त्यांच्या हातून विडाही घेतला.

काल इथं पोचलो. दारातच इंद्रभानदादानं विचारलं, "सांगून आला का?" मी नाही म्हणालो. वहिनीनं पाणी दिलं, त्यानं मात्र आत घेतलं नाही, ओट्यावरच बसवलं. मग दौत, टाक, कागद आणून पुढ्यात ठेवला आणि म्हणाला, "मी लिवलं नाही, म्हनून चार वर्सं मले गावाची वाट धरता आली नाही. तू लिव. लिवल्याबगर गिरनीत पाय ठेवाचा नाही." तो आत्ता समोर बसला आहे. वर मी बैलाचं आणि मिरचीचं लिहिलं ते वाचून म्हणाला, "आनखी किती फिरशीन?"

म्हणून तुमच्यापुढं पदर पसरतो, भाऊ. तुमच्याकडे आता खालचा मळा आहे, आणखी एक मळा तुम्हाला झेपणार नाही, हे मला कळतं. मागून म्हणाल तर जमणार नाही, हे तुम्ही तेव्हाच सांगितलं होतं. तरी मागतो. हळद लावू देऊ नका. लावली तर म्हातारा धावेवर उतरेल आणि एक दिवस तिथंच पडेल. तुम्हाला जमेल तेवढाच मळा करा, वांग्या-मिरचीपुरता, बाकीचा पडीत राहू द्या. पण त्यांना तुमच्याकडे मागायला लावू नका. ते मागणार नाहीत, तुम्ही ओळखता त्यांना. तुम्हीच पुन्हा ओट्यावर जाऊन विचारा, जणू काही तुम्हालाच गरज आहे. तुमच्या नावानं माझ्या घरात रोज दिवा लागेल, असं काही मी लिहीत नाही, माझ्या शब्दाला आता काय किंमत आहे? मृगाच्या आधी गिरणीला सुट्टी मिळाली तर येईन आणि जेवढे दिवस मिळतील तेवढे मोट हाकीन. मालकांनी उंबऱ्यावर उभं केलं नाही, तर तुमच्या बांधावरून येईन.

अजून एक काम. सुभद्रामायला आधी सांगा, मग मालकांना. नाही, असं नको. ते माझं काम आहे, मी पुन्हा तुमच्यावर ढकलतो आहे. तुम्ही फक्त वाचा. हातात पाण्याचा तांब्या असेल तर बाजूला ठेवा, मालकांच्या जवळ सरकून बसा आणि पुढची ओळ मोठ्यानं, सावकाश वाचा. पुन्हा वाच म्हणाले तर पुन्हा वाचा. मी तिथं असतो तर मीच वाचून दाखवली असती, आणि मला ठाऊक आहे, तिच्या जागी मी दुसरंच काही वाचलं असतं.

मालक, मी तुमचं साल मोडलं, मी आता मळ्यावर राहायला परत येणार नाही.

कडूबा